तुम्हाला यातून काय म्हणायचंय?

अमूर्त चित्रांचं, म्हणजे ज्यात ओळखीचं झाड-माणूस काही दिसत नाही अशांचं, प्रदर्शन लावून खुर्चीत बसलं की हा प्रश्न येणार हे धरूनच चालायचं. विचारणारे मात्र फार वेगवेगळे असतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तर कोण कोण येतं, हायकोर्टातले वकील जेवणाच्या सुट्टीत येतात, काळा घोड्याला फोटो काढायला आलेली कॉलेजची पोरं येतात, छत्री विसरलेले लोक पावसामुळे आत शिरतात (हे सगळ्यात निवांत बघतात, कारण पाऊस थांबेपर्यंत त्यांना कुठे जायचंच नसतं). मग एखादे काका हात मागे बांधून पूर्ण भिंत चालत जातात, परत येतात आणि जरा खालच्या आवाजात विचारतात, मॅडम, सॉरी हं, पण तुम्हाला यातून नक्की काय म्हणायचंय?

सॉरी कशाला म्हणतात कळत नाही. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मला त्याचा रागही येत नाही. पूर्वी यायचा, म्हणजे जेजेतून, जेजे स्कूल ऑफ आर्टमधून, नुकती बाहेर पडले होते तेव्हा, पण त्या वयात सगळ्याचाच येतो.

आमच्या लाईनमध्ये या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे. भीमपलासचा अर्थ काय असं तुम्ही गायकाला विचारता का? नाही ना? मग चित्रालाच का? समोरचा गप्प होतो, आपण जिंकतो. मी पण हे उत्तर भरपूर वापरलंय पण आता वापरत नाही, कारण त्यात थोडी लबाडी आहे. भीमपलास ऐकणाऱ्याच्या कानावर लहानपणापासून रेडिओ, नाट्यगीतं, देवळातलं भजन असं काय काय पडलेलं असतं, तबला चालू असतो, सम आली की मान आपोआप हलते, शिवाय दुपारचा राग आहे हे कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. एवढी सगळी तयारी घेऊन माणूस मैफिलीत बसतो. माझ्या चित्रासमोर उभ्या राहिलेल्या काकांना कुठली सम देऊ मी? त्यांच्या हातात फक्त एक कार्ड आहे, त्यावर लिहिलंय अनटायटल्ड, अ‍ॅक्रिलिक आणि ऑइल, ४८ बाय ३६ इंच. आणि वर किंमत. किंमत मात्र सगळ्यांना लगेच कळते.

खरं सांगायचं तर माझी चित्रं कुठून येतात ते मला चांगलं माहीत आहे. त्यात काही गूढ वगैरे नाही. आमचं जुनं घर चिपळूणचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, आणि मागीलदारची भिंत गिलावा न केलेली. मे महिन्यात ती भिंत विटकरी, कोरडी, हात लावला तर लाल भुकटी लागते. जून लागला आणि पहिले दोन-तीन पाऊस झाले की तीच भिंत काळपट लाल होते, कारण जांभा सगळा छिद्रांचा, ती छिद्रं पाण्याने भरली की उजेड आत शिरतो तो पूर्वीइतका परत येत नाही. जुलैत खालून शेवाळ चढायला लागतं, आधी पोपटी, मग गडद. आणि भाद्रपद सरत आला की भिंत वरून वाळायला लागते, पण एकदम नाही, पट्ट्या-पट्ट्यांनी, म्हणजे वर विटकरी, मधे काळपट, खाली हिरवं, आणि त्यांच्या मधल्या रेघा कधीच सरळ नसतात. ते मी लहानपणी रोज बघितलंय, भांडी घासायची जागा तिथेच होती त्यामुळे बघण्यावाचून पर्यायही नव्हता. माझ्या चित्रांतले आडवे पट्टे, तो तांबूस रंग, खालच्या कोपऱ्यातून वर सरकणारा हिरवा, सगळं तिथलं.

मग हे काकांना सांगून का टाकत नाही? सांगून बघितलंय ना. एक बाई बराच वेळ एका चित्रासमोर उभ्या होत्या, जवळ जायच्या, मागे यायच्या, बाजूने बघायच्या, मला आतून फार बरं वाटत होतं. त्यांनी विचारलं, मी उत्साहात सांगितलं की आमच्या गावची पावसाळ्यातली भिंत. हां हां हां! मग हे शेवाळ ना? हो म्हटलं. आणि हा जांभा! हो. छान, छान, म्हणाल्या आणि पुढच्या मिनिटाला शेजारच्या हॉलमध्ये गेल्या. कोडं सुटलं, पेपर घडी घालून ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की चित्र कुठून आलं आणि चित्रात काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक विचारतात दुसरी पण पहिली मिळाली की त्यांचं समाधान होतं. आपणच देऊन टाकतो ती, कारण सांगायला सोपी असते. भिंत मला फक्त सुरुवात करून देते. पांढरा कॅनव्हास समोर असताना काहीतरी करायला लागतं, तर मी बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात देते. तिथपर्यंत भिंत असते. मग रोलर फिरतो, त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबून थोडा रंग उचलून घेते, नाईफने खरवडते, आणि तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत भिंत कुठल्या कुठे गेलेली असते. आता प्रश्न वेगळेच. डावा कोपरा जड झालाय का? हा करडा इथे मेलाय, त्याच्या शेजारी काय ठेवलं तर तो जागा होईल? एक आवडता तुकडा असतो, फार सुंदर टेक्श्चर आलेलं असतं, आणि तोच बाकीच्या चित्राला श्वास घेऊ देत नाही हे दिसत असतं, तरी दोन दिवस त्याला हात लावत नाही. शेवटी खरवडून टाकते. त्यातला कुठला निर्णय भिंतीमुळे घेतलेला नसतो. पावसाळ्यात तर आणखी मजा, तेलरंग वाळतच नाही, डोंबिवलीच्या हवेत कॅनव्हासला मागून बुरशी येते, एखादा थर ओला असतानाच पुढचा पडतो आणि जे होतं ते मी ठरवलेलं नसतं, पण ठेवायचं की पुसायचं ते मीच ठरवते. मला यातून काय म्हणायचंय याचं प्रामाणिक उत्तर या पुसण्या-ठेवण्यात कुठेतरी आहे, पण ते कार्डावर मावत नाही.

कागदाने रंग उचलणं हे माझं काही नवीन नाही, गायतोंडे करायचे. रोलरही त्यांचाच म्हणायचा. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, वाढले गिरगावात, १९४८ ला जेजेचा डिप्लोमा, पुढे दिल्लीला निजामुद्दीनला राहिले. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे असं सांगतात, बाकी वेळ बघत बसायचे. आणि चित्रांबद्दल शक्य तितकं कमी बोलायचे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो अबोलपणा उचलला, काहींनी फक्त अबोलपणाच उचलला. २०२१ ला त्यांचं १९६१ सालचं एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं, आणि काय गंमत, त्यानंतर आमच्या नातेवाईकांत अर्थाचा प्रश्न एकदम बंद झाला. आता विचारतात, तुझी कधी जाणार?

आणि याच्या बरोब्बर उलटं उदाहरण म्हणजे स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट. ही बाई १९०६ पासून अमूर्त चित्रं करत होती, म्हणजे ज्यांची नावं आम्हाला कॉलेजात पहिली म्हणून शिकवली त्यांच्याही आधी. आणि तिने वह्याच्या वह्या भरून लिहून ठेवलंय, कुठला रंग कशासाठी, कुठली आकृती म्हणजे काय, हजारो पानं. पुन्हा वर सांगून गेली की माझ्या मरणानंतर २० वर्षं ही कामं कोणाला दाखवू नका. १९४४ ला गेली. म्हणजे अर्थ सगळा तयार, लिहून ठेवलेला, आणि बघणारे मुद्दाम थांबवलेले! मी तिची चित्रं छापील बघितलीत, ते प्रचंड नारिंगी आणि फिके जांभळे आकार, आणि त्या वह्यांतला एक शब्द न वाचता ती मला पुरेशी वाटली. एक गप्प बसला, एकीने सगळं लिहून ठेवलं, आणि चित्रांना दोन्हीने काही फरक पडलेला दिसत नाही. मला यातून फार बरं वाटतं. बोललं काय, न बोललं काय.

पण गॅलरीला नोट लागते. कॅटलॉगसाठी दोनशे शब्द, इंग्लिशमध्ये. यात काय लिहितात तुम्हाला माहिती असेल, अवकाशाशी संवाद, अस्तित्वाचा शोध, आतला आणि बाहेरचा निसर्ग. हे कुठल्याही चित्रकाराच्या कुठल्याही चित्राखाली चालतं, अगदी चित्र नसलं तरी चालतं. मी लिहिते, नाही असं नाही, पण लिहिताना एक पथ्य पाळते की रंगाचं नाव, कॅनव्हासचं माप आणि काम कसं केलं एवढं खरं असलं पाहिजे. बाकीचं संपादक सजवतात.

बघणाऱ्यांकडून मात्र कधी कधी असं काही येतं की मी वहीत लिहून ठेवते. एक छोटा मुलगा, असेल सहा-सात वर्षांचा, बाबांचा हात सोडून एका चित्राजवळ गेला आणि ओरडला, खपली! बाबा ओशाळले, असं नाही बोलायचं म्हणाले. मी म्हटलं बोलू दे हो, बरोबर बोलतोय. थरावर थर वाळलेला, कडा उचललेली, आणि नखाने काढायचा मोह. मी तेच तर करते तिथे. त्या नोटमधल्या अवकाशापेक्षा खपली कितीतरी जवळची.

याचा अर्थ कोणीही काहीही म्हणावं आणि ते सगळंच खरं, असं मला वाटत नाही. हे हल्ली फार ऐकू येतं, ज्याला जे दिसेल ते. नाही. एक गृहस्थ फोनवरून रंगांची यादी घेऊन ईशान्येला कुठलं लावू विचारत होते आणि काळा असलेलं नको म्हणाले, त्यांनी चित्र बघितलंच नव्हतं. मुलाने बघितलं होतं.

आणि कधी कधी अर्थ माझ्या हातातून पूर्ण सुटतो, चित्र तेच असतं आणि बाहेरचं जग बदलतं. माझं एक २०१४ चं चित्र आहे, वरचे दोन भाग फिके, खालचा एक भाग गढूळ तपकिरी, मधे एक वेडीवाकडी रेघ. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. आमचं घर चढावर म्हणून वाचलं, पण बाजारपेठ, खालच्या आळ्या सगळ्या पाण्यात गेल्या, आणि पाणी ओसरल्यावर घराघरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहिली. नंतर एका ग्रुप शोमध्ये मी ते जुनं चित्र लावलं, केवळ मापात बसत होतं म्हणून. एक माणूस आला, समोर थांबला, हाताचा पंजा त्या रेघेच्या उंचीवर हवेत धरला आणि बायकोला म्हणाला, आपल्याकडे एवढं होतं बघ. ती म्हणाली, नाही हो, याच्या वर, घड्याळ भिजलं ना. दोघं तिथे उभे राहून आपलं घर मोजत होते. चित्राचं साल कार्डावर लिहिलेलं होतं, त्यांनी वाचलं नाही आणि मी दाखवलं नाही. मी काढलं तेव्हा त्यात पूर नव्हता. आता मला तो दिसतो, त्या रेघेकडे बघून दुसरं काही दिसतच नाही, आणि हा अर्थ मी घातलेला नाही म्हणून तो खोटा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पेन्टिंग कुठल्या बाजूने वर हाही एक प्रश्न असतो, नुसता विनोद नाही तो. मोन्द्रियान या डच चित्रकाराचं १९४१ चं एक काम, लाल-पिवळ्या-निळ्या चिकटपट्ट्यांचं, ७५ वर्षांहून जास्त काळ उलटं टांगलेलं होतं. २०२२ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला म्युझियममधल्या क्युरेटरच्या लक्षात आलं, चित्रकाराच्या स्टुडिओतला १९४४ चा जुना फोटो होता त्यात ते दुसऱ्या बाजूने उभं होतं. आणि सरळ केलं का? नाही! पट्ट्या सुटून येतील म्हणून तसंच ठेवलं. मी म्हणूनच मागे मार्करने ठळक बाण काढते.

त्याचा उपयोग शून्य. पुण्याच्या एका जोडप्याने माझं त्या चिपळूणच्या भिंतीवरून सुरू झालेलं एक उभं चित्र घेतलं, आणि महिन्याभराने फोटो पाठवला, सोफ्याच्या वर छान लाईट लावलेला, चित्र आडवं. भिंत लांब होती म्हणे, उभं लावून बघितलं पण दोन्हीकडे रिकामं वाटत होतं. पट्टे सगळे वरून खाली आलेले. खाली मेसेज, ताई, आता कसा मस्त पाऊस वाटतोय ना! मी फोन आडवा करून बघितलं, मग परत उभा. डावा कोपरा, जो जड होतोय म्हणून मी आठवडाभर झगडले होते, तो वर गेल्यामुळे चक्क हलका झाला होता. मी लिहिलं, राहू दे तसंच. फक्त नवीन हुक मारताना स्ट्रेचरची, म्हणजे कॅनव्हासमागच्या लाकडी चौकटीची, पट्टी चिरलीय असं फोटोत दिसतंय, ती दुरुस्तीला पाठवून द्या, आणि बाण मी आता मागे दोन काढते.