डिचोलीत 100 पौंडांचं धनुष्य

आज मित्राच्या भाटात (बागायतीत), मातीच्या बांधापुढे पेंढ्याचे भारे रचून, 100 पौंडांच्या, म्हणजे पूर्ण ताणायला तेवढा जोर लागणाऱ्या, लाकडी युद्धधनुष्याचा नेम तपासला. खांदे सध्या माझे नाहीत, ही पोस्ट एका हाताने टाइप करतोय.

ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज साधारण 50 पौंडांच्या आसपास ताणतात. तिथे ताणून धरा, नेम स्थिर करा, मग सोडा, हे चालतं. इथे ताणून जरा थांबलं की हात थरथरतो आणि बाण भाऱ्यांवरून थेट बांधात. ताणता ताणताच नेम धरायचा, दोरी पूर्ण मागे आली की सोडून मोकळं व्हायचं. हे जमल्यावर 20 मीटरवर बाण परातीएवढ्या जागेत यायला लागले. 40 वर मात्र डावी-उजवीकडे पांगले. मला संशय बाणांचा आहे. सुटताना बाण लवतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो; कडक आणि लवचीक बाण एकाच भात्यात असले तर प्रत्येकाची वाट वेगळी.

1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश जहाजावरची धनुष्यं तर 100 ते 185 पौंडांची असावीत, असा अंदाज आहे. ती माणसं लहानपणापासून ताणत आलेली. आपण रविवारचे धनुर्धर!

पुढच्या खेपेला बाण वजन आणि कडकपणा बघून वेगळे काढणार. एकजण म्हणतो, शिंगाचं धनुष्य आणतो. नको रे बाबा, पाऊस तोंडावर आहे, गोव्याच्या दमट हवेत त्याचे थर चिकटवणारा सरस सुटायचा.