सहा सिलिंडरचा सी-4 आता 289 व्ही-8 च्या मागे: कुठवर आलंय काम

मस्टँगचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून व्ही-8 बसवतोय, त्यावरच्या मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की गाडीत सी-4 (फोर्डचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहेच ना, मग तोच लावून टाक, नवीन कशाला शोधतोस. तर तोच लावतोय. पण "तोच लावून टाक" या तीन शब्दांत किती भानगडी आहेत ते आज लिहितो.

नवीन लोकांसाठी, गाडी 66 ची मस्टँग हार्डटॉप, व्हिन नंबरची सुरुवात 6 टी 07 टी. पहिला टी मेटचन प्लांटचा, म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनमधलाच कारखाना, 2004 ला बंद झाला तो. दुसरा टी इंजिनचा, 200 क्युबिक इंच स्ट्रेट सिक्स. एडिसनला राहून एडिसनमध्ये बनलेली गाडी ठेवतोय म्हणून गिअरबॉक्स मूळचाच राहू दे असा माझा हट्ट आहे, घरचे त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. इंजिन मात्र आता 289 (क्युबिक इंच) व्ही-8, टू-बॅरल (दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं), बेल सहा बोल्टने लागणारं.

सी-4 ची चांगली गोष्ट ही की त्याचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच, पुढे नुसतं 'बेल') वेगळं असतं, केसला बोल्टने लागतं. जीएमचा (जनरल मोटर्स) टर्बो 400 गिअरबॉक्स घ्या, त्यात बेल केसमध्येच ओतलेली असते, म्हणजे ब्युइक-पॉन्टिअॅकचा बॉक्स शेवरलेला लावायचा तर अॅडॉप्टर शोधा नाहीतर आतला माल काढून दुसऱ्या केसमध्ये भरा. फोर्डने इथे आपलं काम सोपं करून ठेवलंय, सिक्सची बेल काढा, व्ही-8 ची लावा, गिअर रेशो दोन्हीकडे तेच, 2.46, 1.46 आणि सरळ 1.

पण बेल एकटी येत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात. बेल, फ्लेक्सप्लेट (इंजिनमागची दात्यांची पातळ चकती), कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा), स्टार्टर आणि डिपस्टिकची नळी हे पाचही एकाच कुळातले पाहिजेत. लहान बेलला 157 दात्यांची फ्लेक्सप्लेट, मोठीला 164 ची. लहान बेल बहुतेक वेळा केस-फिल बॉक्सवर असते, म्हणजे तेलाची नळी केसमध्ये जाते, आणि मोठी पॅन-फिलवर, तिथे नळी खाली पॅनमध्ये. माझा बॉक्स केस-फिल, म्हणून बेलही केस-फिलचीच घेतली. एका विक्रेत्याने "सगळ्या स्मॉल ब्लॉकला बसते" म्हणून जी पाठवली ती पाच बोल्टची निघाली, म्हणजे ऑगस्ट 64 च्या आधीच्या इंजिनांची. परत पाठवली, पोस्टेज माझ्या बोकांडी. तेव्हा ऑनलाइन घेताना समोरून सरळ काढलेला फोटो मागा आणि इंजिनकडची भोकं स्वतः मोजा, "बसते" या शब्दावर जाऊ नका.

फ्लेक्सप्लेटचं तर अजून महत्त्वाचं. 200 सिक्स आतल्या आत बॅलन्स केलेलं इंजिन आहे, त्याच्या प्लेटवर वजन नसतं. 289 ला मात्र 28 औंसचं वजन लावलेली प्लेट लागते, जुन्या 302 लाही तीच, आणि ऐंशीच्या दशकातल्या 5.0 ची प्लेट 50 औंसची असते, ती दिसायला अगदी जुळी बहीण. चुकीची बसली तर गाडी चालेल, पण इंजिन थरथरेल आणि हळूहळू बेअरिंगांची वाट लागेल, आणि तुम्ही महिनोन् महिने कार्ब्युरेटरला दोष देत बसाल.

आता आतलं. सिक्सच्या बॉक्समध्ये क्लच प्लेटा व्ही-8 पेक्षा कमी असतात, जागेला जाड प्रेशर प्लेट घातलेली असते. म्हणून सत्तरच्या दशकातल्या एका व्ही-8 सी-4 मधून दोन्ही क्लच पॅक आणि इंटरमीडिएट सर्व्हो (मधल्या गिअरचा पट्टा तेलाच्या दाबाने आवळणारा पिस्टन) काढून घेतला. त्याचा इनपुट शाफ्टही मोह पाडणारा होता, कन्व्हर्टरकडे 26 दाते, जाडजूड. माझा 24 चा, बारीक. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून मार्करने एक दाता काळा केला आणि तिथून मोजत गेलो, डोळ्याने नाही कळत. पण जाड शाफ्ट घालायचा तर त्याला मिळता स्टेटर सपोर्ट (पंपाची कन्व्हर्टरमध्ये शिरणारी नळी) पाहिजे, म्हणजे पंप बदलला, मग कन्व्हर्टरही 26 चा. 200 हॉर्सपॉवरच्या साध्या 289 ला 24 पुरतो असं माझं मत, ड्रॅग रेस करणाऱ्यांनी खुशाल भांडावं.

व्हॉल्व्ह बॉडीला (तेलाच्या वाटा बदलून गिअर टाकणारा भाग) हात लावला नाही. 66 पर्यंतची ती हिरव्या ठिपक्याची, म्हणजे गिअरच्या डायलवर दोन ठिपके असतात, मोठ्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरपासून उचलते आणि लहान ठिपक्यावर दुसऱ्यापासून. 67 पासून सिलेक्ट-शिफ्ट आलं, डायलच वेगळा. बर्फात लहान ठिपका फार कामाचा आहे, लोक उगाच त्याला नावं ठेवतात.

जोडून झाल्यावर एंड प्ले पाहिला, डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ढकलला, 8 ते 42 थाऊमध्ये (इंचाचे हजारावे भाग) पाहिजे, थ्रस्ट वॉशर बदलून मध्यावर आणला. बँड (आतले ड्रम पकडणारे पट्टे) दोन्ही 10 फूट-पाउंडला आवळायचे, मग इंटरमीडिएट पावणेदोन फेरे मागे आणि लो-रिव्हर्स तीन फेरे मागे. लॉकनट नवीनच घ्या, सील त्यातच असतं, जुना लावला की तिथून ठिबकतो.

मग कन्व्हर्टर. हा दाबत दाबत फिरवायचा, आधी स्टेटरचे दाते, मग शाफ्टचे, आणि शेवटी पंपाच्या खाचेत जाताना "ठक" करून हाताला कळतं. ते शेवटचं ठक होईपर्यंत बॉक्स जॅकवर चढवायचाच नाही. बेल आणि ब्लॉक बोल्टने ओढून जवळ आणावे लागत असतील तर तिथेच थांबा, पंप फुटेल. माझा बॉक्स डॉवेलवर (ब्लॉकच्या जुळवणीच्या खिट्ट्या) हाताने सरकला, मधला पातळ पत्रा घातलाय, आणि कन्व्हर्टर मोकळा फिरून प्लेटकडे थोडा पुढे येतोय, म्हणजे बरोबर बसलाय.

तेल टाइप एफच (फोर्डचं जुन्या प्रकारचं गिअरबॉक्स तेल) टाकणार, क्लच मटेरिअल त्या काळचं आहे. मागचा एक्सल आठ इंचाचा आणि पाच नटांची चाकं आधीच झालीत, त्यावर पुन्हा लिहीत नाही.

राहिलं काय, तर व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनवरचा भार गिअरबॉक्सला कळवणारा भाग) पाइप 289 च्या मॅनिफोल्डला वळवून घ्यायची, कूलर लाइन्स रेडिएटरच्या खालच्या टाकीला जोडायच्या, आणि किकडाउनचा रॉड (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर टाकायला लावणारा). सिक्सचा रॉड इथे उपयोगाचा नाही. कुणाकडे 65-66 च्या 289 टू-बॅरलचा रॉड पडून असेल तर सांगा, वाकडा असला तरी चालेल, सरळ करून घेईन.