तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत आणखी एका तडजोडीने युद्ध टळलं असतं का?

जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका वाचली की हा प्रश्न हमखास येतो: तिथले पुढारी सत्तर वर्षं तडजोडी करत होते, मग आणखी एक करून उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध टाळता आलं नसतं का?

या तडजोडी कशावर होत्या ते आधी पाहू. गुलामगिरी असावी की नसावी, हा प्रश्न त्यांत जवळजवळ नव्हताच. भांडण काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, जागांचं होतं.

सुरुवात १७८७ च्या राज्यघटनेपासून. प्रतिनिधींच्या जागांसाठी लोकसंख्या मोजताना पाच गुलाम तीन धरायचे. घटनेने गुलामाला माणसाहून कमी लेखलं, असं यावर सरसकट म्हटलं जातं. पण गुलाम पूर्ण मोजा, असं मालकच म्हणत होते! गुलामाला मत नाही, जागा मात्र मालकाच्या राज्याला. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं सुमारे ४ लाख ५५ हजार, पेनसिल्व्हेनियात ४ लाख ३० हजार. व्हर्जिनियाचे २ लाख ९२ हजार गुलाम तीन-पंचमांशाने मिळवले, ३३ हजारांमागे एक जागा दिली, आणि व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या, पेनसिल्व्हेनियाला १३.

सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, हा वाढावा चालत नाही, कारण तिथे प्रत्येक राज्याला दोनच जागा. म्हणून दक्षिणेतली गुलामगिरीची राज्यं आणि उत्तरेतली गुलामगिरी नसलेली ‘मुक्त’ राज्यं यांची संख्या समसमान ठेवणं आलं. १८१९ च्या अखेरीस ती ११-११ होती. मिसूरी गुलामगिरीसह आत यायला निघालं तेव्हा मॅसॅच्युसेट्सपासून मेन वेगळं काढून मुक्त राज्य म्हणून जोडीला दिलं. लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी बंद ठरली. पुढे अर्कान्सासबरोबर मिशिगन, फ्लोरिडाबरोबर आयोवा, अशा जोड्या लावून गाडं चाललं.

१८४८ मध्ये मेक्सिकोकडून मोठा मुलूख आला आणि जोड्या लागेनात. कॅलिफोर्नियाला मुक्त राज्य म्हणून यायचं होतं, जोडीला गुलामगिरीचं राज्य नव्हतं. सिनेटर हेन्री क्लेने सगळे मुद्दे एकाच विधेयकात बांधले आणि जुलै १८५० मध्ये ते कोसळलं: प्रत्येकाला त्यातलं काही ना काही नको होतं. मग दुसरा सिनेटर स्टीफन डग्लस याने गाठोडं सोडून विधेयकं वेगवेगळी मांडली. कॅलिफोर्निया उत्तरेच्या मतांवर, पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा दक्षिणेच्या मतांवर, आणि मधले थोडे लोक दोन्हीकडे. सर्व विधेयकांना होकार देणारे सिनेटमध्ये मूठभरच होते. माझ्या मते याला तडजोड म्हणणंच चूक आहे. दोन बाजूंनी आपापलं पदरात पाडून घेतलं, मान्य काहीच केलं नाही.

पकडीच्या त्या कायद्याची कलमं पाहा. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देता येत नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५. (कारण काय, तर पहिल्यात कागदपत्रं जास्त.) पळालेल्याला आसरा दिला तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आजवर दूर राहिलेली गुलामगिरी यामुळे बॉस्टनच्या रस्त्यावर दिसू लागली.

१८५४ मध्ये डग्लसनेच मिसूरीच्या वेळची ती ३६ अंश ३० मिनिटांची रेषा पुसली. त्याला कॅन्सस-नेब्रास्काचा मुलूख संघटित करायचा होता, रेल्वे त्यातून न्यायची होती, आणि त्यासाठी दक्षिणेची मतं हवी होती. गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला, पण रहिवासी कोणाला म्हणायचं ते नीट ठरवलं नाही. मार्च १८५५ च्या निवडणुकीत कॅन्ससमध्ये नोंदलेले मतदार २,९०५ आणि पडलेली मतं ६,३०७. जादा मतं मुख्यतः मिसूरीतून हत्यारबंद आलेल्यांची.

शेवटचे प्रयत्नही झाले. डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर क्रिटेंडनने जुनी रेषा पॅसिफिकपर्यंत न्यायची सुचवली, आणि दक्षिणेकडे पुढे मिळणाऱ्या मुलखालाही ती लागू होणार होती. नुकताच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या लिंकनने नकार दिला. मार्च १८६१ च्या सुरुवातीला काँग्रेसने दुसरी एक घटनादुरुस्ती मंजूर केली: ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे केंद्राने कधीच हात घालायचा नाही. लिंकनची तिला हरकत नव्हती, पण तोवर दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून निघाली होती. आहे तेवढी गुलामगिरी राहू द्यायला तो तयार होता. दक्षिणेला ती वाढवायची होती, आणि तेवढीच एक गोष्ट तो द्यायला तयार नव्हता.