मासेराटीची तारेची चाकं आणि भोसरीतलं एचिंग : माझा अनुभव

घरी घडवलेली माझी छोटी स्लॉट कार अडली ती चाकांच्या तारांवर. लाकडी पॅटर्न, बॉडी, पितळी चॅसी, मोटर, रंग हे सगळं घरी, गच्चीवरच्या खोलीत झालं. कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं नाही. पण शर्टाच्या बटणाएवढ्या रिममध्ये बसणाऱ्या तारांसाठी मला भोसरी एमआयडीसीतल्या एका एचिंगवाल्याकडे, म्हणजे रसायनानं पत्रा खाऊन आकार काढून देणाऱ्याकडे, जावं लागलं आणि खेपा सुरू झाल्या. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. त्यामुळे खाली तारांबद्दल भरमसाट आणि बाकीच्याबद्दल जेमतेम असं लिहिलं जाणार, ते चालवून घ्या.

ज्यांना स्लॉट कार माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅकला एक खाच असते, गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं पातं त्या खाचेतून सरकतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात (माझ्या ट्रॅकला तांब्याच्या), त्यांतून बारा व्होल्ट मिळतात. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जेवढा दाबाल तेवढी गाडी पळते. स्टिअरिंग नाही. वळणावर हावरटपणा केलात की गाडी खाच सोडून थेट भिंतीवर. तयार गाड्या मिळतात, चांगल्या मिळतात, पण जुन्या रेसिंग गाड्या हव्या तशा हव्या असतील तर शून्यापासून घडवण्याला पर्याय नाही.

मी घेतली मासेराटी २५०एफ, १:३२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची. याला कारण आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा खेळ बाजारात आणला, तेव्हा पहिल्या पत्र्याच्या गाड्यांमध्ये ही होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुआन मॅन्युएल फॅन्जिओनं न्यूरबुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री जिंकली ती याच गाडीत. लाल रंग, अंगावर १ हा आकडा. लांब नाक, अरुंद अंग आणि तारेची चाकं. चाकं चुकली तर उरतो नुसता लाल रंगाचा सिगार.

शिवणीच्या लाकडाचा पॅटर्न कोरला, त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला, साच्यात रेझिन ओतून बॉडी काढली. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२८० मिमी, म्हणजे आपला सव्वाएकाहत्तर. चॅसीला पितळी पट्टी, नळी आणि पियानो वायर; नळ्या बोहरी आळीत मिळाल्या. मोटर बुधवार पेठेत. मोटर घेताना व्होल्टेज नक्की विचारा: अगदी त्याच आकाराची खेळण्यातली मोटर तीन ते सहा व्होल्टची असते, ती बारा व्होल्टवर फार दिवस काढत नाही. दातेरी चाक, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), पातं आणि पट्ट्यांवरून वीज घेणारी तांब्याची वेणी एवढं परदेशातून मागवलं. मोठ्या झटापटी इतक्याच. आता तारा.

खरं रिम सोळा इंची. ३२ने भागलं की १२.७ मिमी. ॲल्युमिनियमची रिम मी लेथवर काढून घेतली. तिच्या आत बसणारी तारांची चकती ११.६ मिमीची. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर करून बघितली, पण तेवढ्या बारीक तारा एकतर वाकतात नाहीतर सपोर्ट काढताना तुटतात. जाड केल्या तर बैलगाडीचं चाक दिसतं. परदेशात तयार एच केलेल्या चकत्या मिळतात, पण माझ्या रिमच्या मापाच्या नाहीत. तेव्हा म्हटलं, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात यंत्रांच्या नेमप्लेटा एच करणारे गल्लोगल्ली आहेत. पितळेचा पत्राच तर खायचा आहे. यात काय एवढं!

ऑफिसातला संवाद जवळपास शब्दशः देतो.

"किती नग?"

"आठ लागतील. चार चाकं, प्रत्येकी दोन थर. खराब होतील म्हणून सोळा धरा."

"सोळा हजार?"

"नुसते सोळा."

सुपरवायझरनं पेन खाली ठेवलं. "कुठल्या कंपनीचं काम, सर?"

"कंपनी नाही. माझं स्वतःचं. छोट्या रेसिंग कारच्या चाकात बसवायचंय."

"खेळण्याचं काम आपण नाही घेत."

इथे पहिला सल्ला: 'खेळणं', 'छंद', 'मॉडेल' हे शब्द तोंडातून काढू नका. 'सॅम्पल' म्हणा. सॅम्पल म्हटलं की समोरच्याला पुढची मोठी ऑर्डर दिसते आणि खुर्ची मिळते. मी दुसऱ्या खेपेला सॅम्पल म्हणालो तर चहासुद्धा आला.

चहानंतर अकाउंटच्या मॅडम. पर्चेस ऑर्डर कुठाय? माझ्याकडे कसली पर्चेस ऑर्डर! बरं, मटेरियल कुणाचं? माझंच, ०.२ मिमीचा पितळी पत्रा. मग डिलिव्हरी चलन लागेल, चलनाशिवाय मटेरियल गेटच्या आत घेता येत नाही. पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या सॅकमध्ये होता आणि मी त्यांच्या टेबलापुढे, गेटच्या चांगला आत उभा होतो. हे मी नम्रपणे सांगितलं. उपयोग झाला नाही. ड्रॉइंगवर नंबर आणि रिव्हिजन नाही, तेही लिहून आणा. मी तिथल्या तिथे 'एम-२५०, रिव्हिजन ०' असं लिहिलं. त्यावर शिक्का बसला आणि कागद फायलीत गेला. मॅडमची चूक नव्हती. त्यांच्या फायलीत माझ्यासारख्या माणसासाठी कप्पाच नव्हता.

मग वाट बघणं. फिल्म शहरातून छापून येते, ती आली नाही. पत्रा खाणारं फेरिक क्लोराईड संपलंय, नवा कॅन यायचाय. गुरुवारी गेलात तर सगळी एमआयडीसी बंद. मार्च एन्ड आहे, कंपन्यांचं काम आधी. फोन केला की "उद्या चारला टाकतो, सर". कुठल्या उद्या, ते विचारायचं राहून जायचं.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचा संताप कळेल. पत्र्याच्या दोन्ही अंगांना प्रकाशाला प्रतिसाद देणारी पातळ फिल्म चिकटवतात. त्यावर तुमच्या ड्रॉइंगची निगेटिव्ह ठेवून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश देतात. जिथे प्रकाश पडला तिथली फिल्म टणक होते, उरलेली सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते, आणि उघडा पडलेला धातू फेरिक क्लोराईड खातं. ते सरळ खाली जसं खातं तसं आडवंही खातं. त्यामुळे तार पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक काढायला जाऊ नये, आणि ड्रॉइंगमध्ये रेघ थोडी जाडच ठेवावी. मी ०.२५ची रेघ काढली, म्हणजे हातात ०.२च्या आसपास तार येईल. ३२ने गुणलं तर साडेसहा मिमीला टेकणारी तार होते, खऱ्या चाकाला इतकी जाड नसते, हे मला ठाऊक आहे. ज्यांना टोचतं त्यांनी भिंग खाली ठेवावं.

पहिला लॉट हातात आला तेव्हा देखणा होता. घरी येऊन रिममध्ये चकती टाकली तर ती आरपार पडली. व्हर्निअर लावला: ११.२. फिल्म छापणाऱ्यानं फाइल 'फिट टू पेज' करून छापली होती. सुपरवायझरचं म्हणणं, "अर्ध्या मिलिमीटरचा पण फरक नाही, सर. नेमप्लेटला चालतं." नेमप्लेटला चालतं, कारण नेमप्लेट कशाच्या आत बसवायची नसते! म्हणून ड्रॉइंगच्या कडेला बरोब्बर ५० मिमीची एक रेघ ठेवा आणि फिल्म आली की एक्स्पोजरच्या आधी तिथेच उभं राहून ती मोजा. त्यांना आवडणार नाही. तरी मोजा.

दुसऱ्या लॉटची मापं नीट होती. पण पत्रा त्यांनी स्टेनलेसच्या अर्धा मिमी जाडीच्या नेमप्लेटांबरोबर त्याच यंत्रातून, त्याच वेगानं सोडला. हातात आल्या त्या गोल कड्या.

"यातल्या तारा कुठायत?"

"गेल्या असतील."

त्या "गेल्या असतील"वर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून आतून एक मामा आले, तिथले जुने ऑपरेटर, हातांची बोटं फेरिकनं कायमची पिवळी-तपकिरी झालेली. त्यांनी कडी उजेडात धरली, माझ्या मोबाइलवरचा खऱ्या चाकाचा फोटो मोठा करून बघितला आणि सुपरवायझरला म्हणाले, "हे मशीनचं काम नाय. ट्रेमधी करू. साहेब, शुक्रवारी या, दुपारच्या सुट्टीत."

शुक्रवारी मामांनी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक ओतलं, ट्रे गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला आणि पत्रा बुडवून ट्रे हळूहळू हलवत बसले. थोड्या थोड्या वेळानं पत्रा चिमट्यानं उचलायचा, पाण्यात बुचकळायचा, ट्यूबलाइटकडे धरायचा. आधी नुसता काळपट पितळी तुकडा दिसत होता. मग तारांमधल्या जागा डागासारख्या उजळल्या, मग एका कोपऱ्यातल्या चकतीतून प्रकाशाचा एक टाचणीएवढा ठिपका आला. मामांनी पत्रा उलटा केला, तो कोपरा बाहेर ठेवून बाकीचा भाग पुन्हा बुडवला. घड्याळाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

हात चालू असताना त्यांनी विचारलं, "ही गाडी चालवायचा कोण?" मी फॅन्जिओचं सांगितलं. अर्धी टाकी भरून निघाला, पुढे गेला, मधेच इंधन आणि मागचे टायर घ्यायला थांबला, तो थांबा लांबला, आणि हॉथॉर्न नि कॉलिन्सच्या फेरारी पाऊण मिनिटाच्या वर पुढे निघून गेल्या. मग यानं प्रत्येक फेरीत वेळ कापत नेला, ९ मिनिटं १७.४ सेकंदांची विक्रमी फेरी मारली आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकलं. वय ४६. मामांना शर्यतीपेक्षा टायर बदलण्यात रस. "चाकाला नट किती?" एकच, मधोमध, कानवाला, हातोड्यानं ठोकून सोडवायचा. "मग थांबा लांबला कसा?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण प्रश्न रास्त होता.

सोळाच्या सोळा चकत्या नीट निघाल्या. मामांनी पैसे घेतले नाहीत. बिल मात्र मॅडमनी पूर्ण शीटचं लावलं, दोन फसलेल्या लॉटांसकट. ते मी भरलं, आणि अजून बोचतंय.

घरी आल्यावरचं काम मजेचं. चकती जाड रबरावर ठेवून वर बेअरिंगची गोळी दाबली की ती हलकी फुगते, खोलगट होते. दोन चकत्या पाठीला पाठ, एक थोडी फिरवून, म्हणजे तारा एकमेकींना छेदताना दिसतात. मधे पितळी खिळ्याचा हब सोल्डर केला. सोल्डर करण्याआधी चकत्या ॲसिटोननं पुसा आणि सोल्डर नखभरच घ्या. तारांच्या फटीत गेलं की निघत नाही. वर ग्रे प्रायमर, मग ॲल्युमिनियम रंगाचा पातळ हात. ट्रॅकवर गाडी सुटली आणि चाकांच्या आरपार पलीकडच्या तांब्याच्या पट्ट्या चमकताना दिसल्या तेव्हा मी बायकोला, मुलाला आणि खाली पेपर टाकायला आलेल्या पोऱ्यालाही वर बोलावलं.

मधे राहून गेलेलं: पुढच्या टायरवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. पुढची चाकं पकड धरायला लागली की वळणात नाक खाचेतून उचललं जातं. मागचे टायर रिमला चिकटवून, सँडपेपर ट्रॅकवर धरून, गाडी हळू फिरवत घासा, नाहीतर गाडी उड्या मारते. जुन्या गाड्या अरुंद असतात, कलंडतात. शिशाची पट्टी घालायची तर चॅसीच्या तळाशी, बॉडीत नको. चुंबक लावू नका. लोखंडी पट्ट्यांच्या ट्रॅकवर चुंबकानं गाडी रुळावर चिकटवल्यासारखी पळते, मग १९५७ची गाडी केली कशाला?

आणि चलनाचं. कोऱ्या चलनांचं पुस्तक स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पत्रा घेऊन जाताना तेच भरून न्या: मालाचं नाव, नग, 'जॉबवर्कसाठी', खाली सही. माझं पुस्तक बरंच शिल्लक आहे. पुढची गाडी व्हॅनवॉल, त्याच काळातली इंग्लिश रेसिंग गाडी, आहे, तिच्यासाठी पुन्हा भोसरी. या वेळी सुपरवायझरला फोन करणार नाही, मामांची शिफ्ट कधी असते ते विचारून घेतलंय.