ट्रंकेतल्या कवड्या

आज माळा आवरताना बाबांची काळी ट्रंक खाली काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, रँक, नाव. आत हॉर्लिक्सच्या बाटलीत भरलेल्या कवड्या. मी तिथेच फरशीवर बसले.

कारनिक! कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळाला आम्ही सगळे असंच म्हणायचो. तीन वर्षं होतो तिथे. एएन-३२ विमानाचा आवाज आला की सगळी कॉलनी कान टवकारायची, कारण त्यातून पत्रं यायची आणि कधी आजीने पाठवलेला मेतकुटाचा डबा. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार. क्वार्टरमागे नारळ, पलीकडे लगेच समुद्र. निकोबारी लोकांच्या खांबांवरच्या गोल झोपड्या, खाली डुकरं, आणि त्यांच्यापुढे फोडलेले नारळ... कोकणातली आमची आजी किती हळहळली असती!

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने तो किनारा नेला. तळावरची शंभराहून जास्त माणसं गेली, बायका-मुलंसुद्धा. आम्ही आठ वर्षं आधी परतलो होतो. त्या दिवशी बाबा टीव्हीसमोरून उठलेच नाहीत.

आईने बाटली उघडून वास घेतला. "अजून येतोय गं," म्हणाली. मग झाकण घट्ट लावून ती देवघरात ठेवली.