पाचारणाची वही

मिरज, रविवार रात्र.

आज उपासनेत बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय वाचला गेला. देवाची हाक तीनदा आली आणि तिन्ही वेळा पोरगा शमुवेल याजक एलीकडे धावला, कारण आवाज त्याला घरातलाच वाटला. "बोल, तुझा दास ऐकत आहे" असं म्हणायला शिकवलं ते म्हाताऱ्या एलीनं. आपली चूकही बहुधा तीच. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून नर्सिंग हा शब्द इथल्या ख्रिस्ती घरांत लहानपणीच कानावर पडतो. त्यात देवाची हाक, म्हणजे पाचारण, किती आणि आईची हौस किती, हे तपासायलाच हवं.

त्यासाठी एक साधी वही पुरते. रोज रात्री वचन वाचून १५ मिनिटं बसायचं. डावीकडे दिवसभरात मन कशानं देवाकडे वळलं ते लिहायचं, उजवीकडे कशानं कोरडं पडलं ते. मात्र घटना घडल्या घडल्या लिहायचं नाही, दोन-तीन तास जाऊ द्यायचे. १५२१ मध्ये पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या संत इग्नेशियसला हेच उमगलं: सरदारकीची स्वप्नं बघताना गोड लागत, पण मागून मन सुकं राही, संतांसारखं जगण्याचा विचार केला की आनंद नंतरही टिकून राही. नोंद करायची ती या मागाहून उरणाऱ्या चवीची. निदान ४० दिवस तरी लिहावं; त्याहून कमी लिहिलं तर वहीत उज्जीवन सभेची, म्हणजे भक्ती जागवणाऱ्या मेळाव्याची, तात्पुरती ऊबच उतरते.

मन खचलेलं असताना, नापास झाल्यावर किंवा घरात मृत्यू झाल्यावर आधीचा निर्णय बदलू नये. बायबलमधल्या गिदोनासारखी लोकर पसरून देवाकडे खूणही मागू नये. त्याला आज्ञा आधीच मिळाली होती.

दोन्ही वाटा चांगल्या असतील, समजा नर्सिंग आणि सेमिनरी (पाळक होण्याचं शिक्षण), तर प्रत्येकीचे फायदे-तोटे असे चार रकाने करावेत. मुद्दे मोजू नयेत, तोलावेत. मग ती वही तोंडावर नाही म्हणू शकेल अशा वडीलधाऱ्यापुढे ठेवावी. अंत्युखिया शहरात बर्णबा आणि शौल या पहिल्या काळातल्या प्रचारकांनाही उपवास आणि प्रार्थना करून तिथल्या ख्रिस्ती मंडळीनंच पाठवलं होतं. त्यानंतर सहा महिने शब्बाथ शाळेचा वर्ग घ्यावा किंवा रुग्णांच्या भेटीला जावं. नोकरी सोडायची घाई कशाला? कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला तो १९१७ मध्ये. मधली २२ वर्षंही सेवेचीच होती.

कोऱ्या गेलेल्या दिवसांवरही तारीख घालावी. आठवडाभर पानं कोरी राहिली तर हाक नाही असं धरू नये, आधी पुरेशी झोप घ्यावी. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाची मंद वाणी ऐकू आली ती त्यानंतर ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर.