पनामा कालवा: चार दोर आणि न मिळणारी तारीख

पनामा कालवा जेमतेम ८० किलोमीटरचा. छोट्या बोटीने जायचं तर मध्ये एक रात्र मुक्काम, की झालं. पण तो ओलांडायची तारीख कधी मिळेल, हे मात्र कोणीही छातीठोकपणे सांगत नाही.

नवऱ्याच्या मित्राला आपली शिडाची बोट कॅरिबियनमधून पॅसिफिकमध्ये न्यायची होती. अशा बोटीवर कप्तान सोडून दोर सांभाळायला चार माणसं लागतातच, असा कालव्याचा नियम. त्यातले दोघं आम्ही. अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे पनामात शिरताना काही अडलं नाही. अधिकारी आले, बोट मोजून गेले, पैसे भरले. आणि मग गाडं रुतलं ते रुतलंच.

मित्राने एक एजंट धरला होता. रोज सकाळी फोन केला की ठरलेलं उत्तर, "उद्या कळवतो." दुपारनंतर साहेब फोन उचलायचेच नाहीत. मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. एकदा तारीख दिली, आम्ही भाजी-फळं भरली, पाण्याचे खोके चढवले, आणि आदल्या संध्याकाळी तीही रद्द. कारण विचारलं तर म्हणे, "मोठी जहाजं."

ते कारण खोटं नव्हतं, हेच जास्त चीड आणणारं. कालव्यात लॉक असतात, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजांचे कप्पे. जुन्या लॉकचा एकेक कप्पा ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. त्यात लाखो डॉलर मोजणारं जहाज आधी शिरणार, आणि त्याच्या मागे-पुढे जागा उरली तर आपण. शिवाय एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. ते येतं चाग्रेस नदी अडवून केलेल्या गातुन तलावातून, म्हणजे शेवटी पावसातून. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्याच घटवावी लागली होती. एवढं सगळं समजूनही माझी चिडचिड तसूभर कमी झाली नाही. अडचण पाण्याची असेल, पण फोन उचलायला पाणी कुठे लागतं? बोटमालकाला ही सगळी कामं एजंटाशिवायही करता येतात. हे आधीच सांगून ठेवते.

वाट बघताना पोर्तोबेलोला, कॅरिबियन किनाऱ्यावरच्या जुन्या स्पॅनिश बंदराला, जाऊन आलो. पेरूची चांदी पॅसिफिकच्या बाजूला उतरायची, खेचरांवरून या किनाऱ्याला यायची आणि इथून स्पेनला जायची. जहाजांच्या ताफ्याची वाट बघत व्यापारी बसायचे आणि त्यातले कितीतरी तापाने मरायचे. जुन्या कस्टम्सच्या इमारतीसमोर उभी राहून हे ऐकताना मला त्या व्यापाऱ्यांबद्दल फारच आपुलकी वाटली.

शेवटी तारीख आली ती आदल्या दुपारी, धावपळ करायला लावूनच. गातुनच्या लॉकमध्ये शिरलो तेव्हा अंधार पडला होता. भिंतीवरचे कामगार बारीक दोरी फेकतात, तिच्या टोकाला गच्च विणलेली गाठ असते. ती सोलर पॅनेलवर बसली तर काच गेलीच, म्हणून गाद्या आधीच पसरून ठेवा. त्या दोरीला आपला जाड दोर बांधायचा, ते तो वर ओढून घेतात. खालून पाणी उसळतं, बोट वर चढते आणि दोर सैल पडू न देता ओढत राहायचा. हातमोजे घ्या, माझे तळवे सोलवटले. तीन कप्प्यांत २६ मीटर वर!

बोटीवर कालव्याचा एक सल्लागार असतो. त्याला गरम जेवण आणि सीलबंद बाटलीतलंच पाणी द्यायचं. आम्ही खिचडी आणि बटाट्याची भाजी केली, त्याने दोनदा घेतली. त्याचे पणजोबा बार्बाडोसहून खोदकामाला आलेले. तेव्हा गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात व्हायचा आणि कॅरिबियन मजुरांचा चांदीत. घरं, खाणावळीसुद्धा वेगळ्या. अमेरिकनांच्या काळात ५,६०० च्या वर माणसं मेली, त्यातले बहुतेक हेच मजूर. त्याआधी फ्रेंचांच्या प्रयत्नात तर पिवळ्या तापाने आणि मलेरियाने वीस हजारांच्या वर गेले. तो हे सगळं घड्याळाकडे एक डोळा ठेवून सांगत होता.

रात्री तलावात मुक्काम. पोहायची हौस आवरा, मगरी आहेत.

दुसऱ्या दिवशी कुलेब्राचा डोंगर कापून काढलेला भाग पार करून पॅसिफिकच्या बाजूच्या मिराफ्लोरेस लॉकमधून खाली उतरलो. तिथे कॅमेरे आहेत, चित्र इंटरनेटवर थेट दिसतं. आई सांगलीत मध्यरात्री जागी होती. फोनवर म्हणाली, "अगं, तुझी टोपी वाकडी झालीये."

आणि परतीचं विमान तारीख हातात आल्याशिवाय काढू नका. आमच्या तिकिटाचे बदलाचे पैसे आम्हीच भरले, एजंट म्हणाला, "उद्या बोलू."